वस्तीतला दवाखाना आणि हृदयविकाराची जोखीम

पुण्यासारख्या शहरात महापालिकेच्या एका नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे, राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषाप्रमाणे, साधारण पन्नास हजार लोकसंख्या सोपवलेली असते. त्यांतले निम्मे लोक तिशीच्या पुढचे आहेत असे धरू, आणि त्या पंचवीस हजारांपैकी चौथ्या हिश्शाला उच्च रक्तदाब आहे असेही धरू. हा अंदाज फुगवलेला नाही, कारण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी २१ टक्के आणि पुरुषांपैकी २४ टक्के जणांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले होते. म्हणजे एका केंद्राच्या हद्दीत रक्तदाबाचे सव्वासहा हजार रुग्ण झाले. भारतासह सतरा देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले; त्यांतले प्रमाण या आकड्याला लावून पाहिले, तर आपल्याला रक्तदाब आहे हे त्या सव्वासहा हजारांपैकी जेमतेम २,९०० जणांना ठाऊक असेल, गोळ्या साधारण २,५०० जण घेत असतील आणि ज्यांचा रक्तदाब खरोखर आटोक्यात आहे असे लोक आठशेच्या आसपास निघतील. कालव्याला पाणी सुटले म्हणून टेलच्या शेतकऱ्याचे रान भिजतेच असे नाही, तसाच हा प्रकार आहे.

या आकड्यांतली पहिली गळती, म्हणजे रोग असून पत्ता नसणे, सर्वांच्या डोळ्यांत भरते आणि तिच्यावर बोललेही पुष्कळ जाते. शेवटच्या गळतीकडे मात्र लक्ष जात नाही. गोळी चालू असलेल्या तिघांपैकी दोघांचा रक्तदाब तरीही चढलेलाच असतो. रोग सापडला, डॉक्टर भेटले, औषध लिहून मिळाले आणि एवढे होऊनही धोका होता तिथेच राहिला. हृदयविकार टाळण्याच्या कामातला सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी दिसणारा भाग इथे आहे, आणि तो मोठ्या रुग्णालयापेक्षा घराजवळच्या दवाखान्यालाच जास्त चांगला साधतो, हे या लेखात समजावून सांगायचे आहे.

धोका नेमका कशाचा?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांच्या आतल्या अस्तराला वाढलेला रक्तदाब, रक्तातली जास्तीची साखर आणि तंबाखूतील घटक वर्षानुवर्षे इजा करत राहतात. इजा झालेल्या जागी कोलेस्टेरॉल मुरते, सूज येते आणि मेदाचा थर जाड होत जातो. एखाद्या दिवशी हा थर फुटतो, त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. यालाच आपण हार्ट अटॅक म्हणतो. हेच मेंदूच्या रक्तवाहिनीत झाले तर पक्षाघात होतो. शेवटची घटना काही मिनिटांची असली तरी तिची तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते आणि त्या काळात माणसाला बहुधा काहीच दुखत-खुपत नाही. ‘डोके दुखत नाही, म्हणजे बीपी नसणार’ हा आपल्याकडचा ठाम समज इथेच घात करतो.

५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने पहिल्या हार्ट अटॅकच्या जोखमीपैकी सुमारे ९० टक्के वाटा नऊ गोष्टींचा असल्याचे दाखवले: धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाची चरबी, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्यपान. या यादीतली जवळपास प्रत्येक गोष्ट वस्तीत बसून मोजता किंवा विचारता येते. तिच्यासाठी कॅथलॅब, म्हणजे हृदयाच्या धमन्या तपासण्याची मोठ्या रुग्णालयातली खोली, लागत नाही. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यम वय ५३ निघाले, इतरांमध्ये ते जवळपास ५९ होते. मुलीचे लग्न, घराचा हप्ता आणि मुलाचे शिक्षण एकाच वेळी अंगावर असण्याच्या वयातला हा सहा वर्षांचा फरक आहे.

आपण लवकर का सापडतो, याचा एक धागा पुण्यातच उलगडला. रास्ता पेठेतील केईएम रुग्णालयात मधुमेहावर संशोधन करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच मोजमाप छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) अगदी सारखा, म्हणजे २२.३ होता; परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्यावर सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून पुष्कळदा तसा नसतो. म्हणून घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंच्या पिशवीत वजनकाट्याआधी मोजपट्टी हवी, आणि सुदैवाने ती असते.

यापुढची एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. जोखमीचे घटक एकमेकांत नुसते मिळवले जात नाहीत, ते एकमेकांना वाढवत नेतात. पंचावन्न वर्षांच्या दोन गृहस्थांपैकी एकाचा वरचा रक्तदाब १५० आहे आणि बाकी सारे ठीक आहे. दुसऱ्याचा १४२ आहे, पण त्याला मधुमेह आहे आणि तो दिवसाला दहा बिड्या ओढतो. नुसता रक्तदाबाचा आकडा पाहणारा पहिल्याची काळजी करील, वास्तविक दुसरा जास्त धोक्यात आहे. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुधारलेले तक्ते आहेत. वय, लिंग, धूम्रपान, वरचा रक्तदाब आणि बीएमआय एवढ्या पाच गोष्टींवरून पुढच्या दहा वर्षांत झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता त्यांत रंगाच्या चौकोनातून वाचता येते आणि त्यासाठी रक्ततपासणीसुद्धा लागत नाही. प्रशिक्षित परिचारिकेला हा तक्ता सहज वापरता येतो. कोलेस्टेरॉलची गोळी कोणाला द्यायची आणि कोणाला नुसता सल्ला पुरेल, हा निर्णय घेताना डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होतो.

बोळात भरला जाणारा फॉर्म

केंद्र शासनाच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी आशाताईंनी एक फॉर्म भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्यातून दीडशे मिनिटांची शारीरिक हालचाल आणि घरात कोणाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का, असे त्यातले प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला गुण आहेत आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलवायचे असते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० च्या पुढे गेली की गुण चढायला लागतात.

कागदावर हे यांत्रिक वाटते. प्रत्यक्षात पर्वतीच्या पायथ्याच्या जनता वसाहतीतल्या एखाद्या अरुंद बोळात, उंबऱ्यावर बसून हा फॉर्म भरला जातो तेव्हा त्याची किंमत कळते. “काकू, तंबाखू खाता का?” असे विचारले, की उत्तर येते, “नाही गं बाई, आपल्याला नाही तसली सवय.” बाहेरून आलेला तपासनीस ‘नाही’वर खूण करून पुढे जातो. आशाताई त्याच वस्तीत राहते, म्हणून ती पुढचा प्रश्न विचारते, “आणि मशेरी?” त्यावर काकू सहज सांगतात, “मशेरी होय? ती लावते की. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाली की एकदा, रात्री झोपताना. त्याशिवाय पोट साफ होत नाही.” भाजलेल्या तंबाखूची ही पूड पश्चिम महाराष्ट्रातल्या कष्टकरी बायकांच्या घरात दात घासण्याच्या सामानात ठेवलेली असते, तिला कोणी व्यसन समजत नाही. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत कोणती बंदी पोहोचणार? तिथपर्यंत ओळखीची बाईच पोहोचते.

फॉर्मनंतर रक्तदाब मोजायचा असतो आणि इथे बारकाईने वागले नाही तर पुढचे सगळे चुकते. चढाच्या पायऱ्या चढून, कडेवर नातवंड घेऊन दवाखान्यात आलेल्या बाईच्या दंडाला लगेच पट्टा गुंडाळला, वर तिच्याशी बोलतही राहिले, तर यंत्र १५८ दाखवील. तीच बाई पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, हात छातीच्या पातळीला टेबलावर टेकवून गप्प बसली, तर कदाचित १३८ भरेल. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा आणि तंबाखू नको, लघवीला जाऊन आलेले असावे, पट्टा उघड्या दंडाला आणि दंडाच्या मापाचा असावा, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे, आणि फारच चढलेला आकडा नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय १४०/९० च्या वरच्या एका नोंदीवर कोणाला आयुष्यभराचा रुग्ण ठरवू नये. हे नियम सर्वांना पाठ असतात. गर्दीच्या ओपीडीत पाळले जात नाहीत. माझे मत विचाराल तर दवाखान्यात नवे यंत्र घेण्यापूर्वी हात टेकवायला एक टेबल आणि पाठीची एक खुर्ची घ्यावी.

बाराव्या महिन्यातली गोळी

आता शेवटच्या गळतीकडे येऊ. रक्तदाबाचे औषध सुरू केल्यावर पहिला महिना बहुतेक जण नेमाने गोळी घेतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गाडी घसरते आणि त्याची कारणे ऐकली तर ती मुळीच अडाणीपणाची वाटत नाहीत. मोजल्यावर बीपी नॉर्मल आले, म्हणजे रोग गेला, मग गोळी कशाला? गोळी गरम पडते. एकदा सवय लागली की सुटत नाही. नवरात्राचे उपवास होते, म्हणून नऊ दिवस घेतली नाही. गावी जत्रेला गेलो होतो, पाकीट पुण्यातच राहिले. पाय सुजायला लागले. शेवटचे कारण तर वैद्यकीयदृष्ट्या अगदी खरे आहे, कारण ॲम्लोडिपिन या गोळीने काही जणांचे घोटे सुजतात. डॉक्टरांनी वेळीच डोस किंवा औषध बदलले तर प्रश्न सुटतो, पण त्यासाठी रुग्णाने परत यायला हवे आणि परत आल्यावर त्याला ‘गोळी का बंद केली?’ म्हणून झापणारा माणूस समोर नसावा. उपवासात साध्या पाण्याबरोबर रक्तदाबाची गोळी घ्यायला बहुधा हरकत नसते. मधुमेहाच्या काही औषधांची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्यांनी उपाशीपोटी साखर धोकादायकरीत्या उतरू शकते, म्हणून चातुर्मास लागण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

ही सगळी बोलणी करायला वेळ लागतो आणि तो डॉक्टरांकडे का नसतो, हे सुरुवातीच्याच आकड्यांतून दिसते. एका केंद्राचे सव्वासहा हजार रुग्ण शोधून काढले आणि प्रत्येकाला महिन्याला एकदा बोलावले, तर महिन्याच्या पंचवीस कामाच्या दिवसांत रोज अडीचशे माणसे फक्त रक्तदाबासाठी येतील. ताप, खोकला, गरोदर बाया आणि लसीकरण यांची रांग वेगळीच. दर माणशी दोन मिनिटे धरली तरी डॉक्टरांचा पूर्ण दिवस, जेवणाच्या सुट्टीसकट, संपला. तेव्हा सर्व रुग्ण सापडणे हीच या पद्धतीची आपत्ती ठरावी, अशी स्थिती आहे. यावर तोडगा एकच, तो म्हणजे काम वाटून घेणे आणि फेऱ्या कमी करणे.

नोव्हेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाने हाच मार्ग धरला. आयसीएमआर, केंद्रीय आरोग्य मंत्रालय, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून तो आखला. त्यातली पहिली कल्पना अशी, की प्रत्येक डॉक्टरने आपापल्या आवडीचे औषध लिहिण्याऐवजी राज्याने एकच साधा उपचारक्रम ठरवावा. बहुतेक ठिकाणी पहिली गोळी ॲम्लोडिपिन असते. महिन्याभरात दाब खाली आला नाही तर पुढची पायरी कोणती, तेही छापील असते. यात डॉक्टरांचे स्वातंत्र्य जाते, अशी तक्रार होते. ती मला फारशी पटत नाही, कारण उपचारक्रम एकच असला की कोणत्या गोळ्या किती लागतील याचा हिशेब करता येतो, खरेदी वेळेवर होते आणि ‘औषध संपले, पुढच्या आठवड्यात या’ हे वाक्य कमी ऐकू येते. ज्या बाईने त्या दिवसाची धुणी-भांड्याची कामे बुडवून फेरी मारली, तिला हे वाक्य दोनदा ऐकवले की ती तिसऱ्यांदा येत नाही.

दुसरी कल्पना कामाच्या वाटणीची. दाब मोजणे, नोंद करणे आणि समजावणे हे परिचारिका करते. दाब आटोक्यात असेल तर ठरलेलीच औषधे पुढे देता येतात आणि डॉक्टरांपुढे मुख्यतः तेच रुग्ण जातात ज्यांचा दाब उतरत नाही किंवा ज्यांना काही त्रास आहे. आटोक्यात असलेल्याला एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या तर रोजची अडीचशेची रांग शंभराच्या आसपास येते. तिसरी कल्पना नोंदीची. प्रत्येक रुग्णाचे कार्ड किंवा ॲपमधली नोंद असते, तारीख उलटून गेली की नाव वर येते आणि फोन जातो. फोन लागला नाही तर आशाताई घरी जाते. किती जणांची तपासणी केली, एवढ्यावरच केंद्राचे काम मोजून चालत नाही. नोंदलेल्यांपैकी किती जणांचा दाब १४०/९० च्या खाली आहे, हा प्रश्न विचारावा लागतो. हा आकडा लाजवणारा असू शकतो, म्हणूनच तो उपयोगाचा आहे.

असे केल्याने खरोखर फरक पडतो का? बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या तीस ग्रामीण समुदायांत झालेल्या चाचणीत सरकारी आरोग्य कार्यकर्त्या घरी जाऊन दाब मोजत, समजावत आणि गरज असेल त्यांना डॉक्टरकडे पाठवत. दोन वर्षांनंतर त्या गावांत वरचा रक्तदाब इतर गावांपेक्षा सरासरी पाच मिलिमीटरने (रक्तदाबाचे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्येच मोजतात) जास्त उतरला होता. २०२० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात, परंतु अनेक चाचण्या एकत्र करून केलेल्या विश्लेषणानुसार एवढ्या उताराने झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण दहा टक्क्यांनी कमी होतात. कोलंबिया आणि मलेशियातील एक चाचणी त्याहून पुढे गेली. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली कार्यकर्त्यांनी टॅब्लेटवरील सूचनांच्या आधारे उपचार सुचवले, औषधे फुकट दिली आणि प्रत्येक रुग्णाबरोबर घरातले किंवा मैत्रीतले एक माणूस जोडून दिले. वर्षभरात तिथल्या ६९ टक्के रुग्णांचा दाब आटोक्यात आला; नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. मला यातले ते जोडून दिलेले माणूस फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे सासूची गोळी सून आठवणीने देते, पण सुनेची गोळी कोण देतो, हे विचारून पाहावे.

या पद्धतीचे मूळ तसे जुने आहे. वेल्समधल्या ग्लिनकॉरग या कोळसा खाणीच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात आपल्याकडे नोंदलेल्या प्रत्येक माणसाचा रक्तदाब मोजण्याचा नेम धरला आणि सापडलेल्यांचा पिच्छा पुरवला. पंचवीस वर्षांच्या नोंदी त्यांनी १९९१ साली मांडल्या, तेव्हा तिथले अकाली मृत्यू तशाच परिस्थितीतल्या शेजारच्या गावापेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी कमी भरले. चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज सर्वाधिक असते तिथेच सर्वांत कमी मिळते, हे त्यांचेच १९७१ सालचे निरीक्षण आहे. महाराष्ट्रात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडला अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करून दाखवले. आजची आशाताई ही त्याच परंपरेतली आहे, फक्त तिच्यावर योजनांचा बोजा फार आहे आणि मोबदला बहुतांशी कामागणिक मिळतो. हृदयविकाराचे काम तिच्याकडे द्यायचे तर आधीचे काही काढून घ्यावे लागेल किंवा पैसे वाढवावे लागतील. नुसत्या कौतुकाने हे चालणार नाही.

गोळीच्या पलीकडचे आणि पैशाचे

दवाखाना कितीही चांगला असला तरी मीठ तिथे शिजत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाला दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक छोटा चमचा मीठ पुरे. पुण्यातल्या साध्या जेवणात लोणचे, पापड, ठेचा आणि चहाबरोबरचे फरसाण वा खारी धरली तर ते सहज ओलांडले जाते. चीनमधल्या सहाशे खेड्यांत पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ वापरायला दिल्यावर पक्षाघात १४ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली दिसून आले; मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. वनस्पती तूप व बेकरीच्या पदार्थांतील ट्रान्स फॅट या हृदयाला घातक मेदावर जानेवारी २०२२ पासून देशात दोन टक्क्यांची मर्यादा आली, ती एकट्या माणसाच्या निग्रहापेक्षा जास्त काम करील. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी दाखवून दिले होते, की फार मोठी जोखीम असलेल्या थोड्या लोकांपेक्षा मध्यम जोखमीच्या पुष्कळ लोकांतून एकूण झटके जास्त निघतात, त्यामुळे सगळ्यांचाच आहार थोडासा बदलणेही मोलाचे ठरते. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांताने १९७२ पासून हेच केले. गृहिणींच्या संघटना, दूध उत्पादक, शाळा आणि दवाखाने सारे त्यात उतरले आणि पुढच्या साडेतीन दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. पुण्यात बचत गट आणि शहरी अभियानातल्या महिला आरोग्य समित्या आहेतच; त्यांच्या बैठकीत मिठाचा विषय निघायला काही खर्च येत नाही.

पैशाचा विषय निघाला की एक विसंगती दिसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी मोफत होऊ शकते, कारण ती भरती होऊन घ्यायची सेवा आहे. ती वेळ येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळ्यांना मात्र अशा विम्याचे छत्र नाही. त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळाल्या तर मिळाल्या, नाहीतर खिशातून. शिवाय पुणेकर मोठ्या संख्येने महापालिकेच्या दवाखान्याऐवजी गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरकडे जातात. तिथला जिव्हाळा खरा असला तरी तारीख चुकलेल्या रुग्णाला फोन करणारी व्यवस्था क्वचित असते. जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून वर्षानुवर्षे त्याच गोळ्या घेणारे, आणि त्या काळात एकदाही दाब न मोजलेले लोक याच वर्गात सापडतात. या डॉक्टरांना तोच उपचारक्रम आणि तीच नोंदवही वापरायला राजी करणे, हे पुण्यासारख्या शहरातले पुढचे मोठे काम आहे. ज्यांना झटका येऊन गेला आहे, त्यांच्या बाबतीत तर ते अधिक निकडीचे आहे, कारण स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, बसली म्हणजे दुरुस्ती झाली असे समजून गोळ्या सोडणारा माणूस दुसऱ्या झटक्याच्या वाटेवर असतो.

हे सगळे चालू असतानाही झटका येऊ शकतो. छातीच्या मध्यभागी दाब किंवा आवळल्यासारखे वाटणे, ते डाव्या हातात, जबड्यात वा पाठीत उतरणे, दरदरून घाम, धाप किंवा मळमळ यांपैकी काही झाले तर ॲसिडिटी समजून सोडा पिऊन पाहू नये. मधुमेह असलेल्यांना आणि स्त्रियांना काही वेळा छातीत दुखत नाही, नुसता थकवा आणि धाप जाणवते. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

राहता राहिला गणेशोत्सवात आणि जयंत्यांना मंडळे भरवतात त्या आरोग्य शिबिरांचा प्रश्न. त्यांतून पहिली गळती थोडी बुजते, हे नाकारता येत नाही. दिवसभरात दोनशे माणसांचा दाब मोजला जातो, पंधरा-वीस जणांना ‘डॉक्टरांना दाखवा’ असे सांगितले जाते आणि मांडव उतरतो. मंडळाला एवढीच मेहनत जास्त उपयोगी लावायची असेल तर शिबिराची तारीख ठरवण्याआधी भागातल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटावे, आशाताईंना त्या दिवशी टेबलावर बसवावे, दाब वाढलेला निघालेल्यांची नावे आणि फोन नंबर त्यांच्या संमतीने तिच्या वहीत लिहून द्यावेत आणि शिबिराच्या फ्लेक्सवर तीन महिन्यांनंतरची फेरतपासणीची तारीखही त्याच अक्षरांत छापावी. ही दुसरी तारीख रविवार संध्याकाळची असावी. मार्केट यार्डात हमाली करणारा, रिक्षा चालवणारा किंवा दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला जाणारी बाई सकाळी दहाच्या ओपीडीला येऊ शकत नाही.